येऊन राहिली

५ ऑक्टोबर २००९, अकोला

पोचले एकदाची! स्टेशनवर चंद्रभान माझ्या नावाचा पुठ्ठा धरून उभे होते. ‘म्रूदूला’ असं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते दुसऱ्याच कुणाला न्यायला आले असावेत असं समजून मी पुढे निघून गेले. मागून हाक आली, “ओ मॅडम, पुण्याहून तुमीच ना? मंग माह्याच तोंडासमोरून कुठी चालल्या?” चंद्रभान संस्थेचे कारकून, ड्रायव्हर आणि शिपाई असे सगळे एकटेच. गाडीत बसताच विचारू लागले, काहून आल्या एवढ्या दूर, पुण्यात कामं सरले का? आधी ते टोचलं. मग कळलं की इथे असंच विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत तुमच्याकडे पाहत राहतात.

खरं उत्तर मी दिलं नाही. गेल्या वर्षी आई गेली. बँकेच्या संगणक विभागातून मी आधीच निवृत्त झाले होते. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. दाराची बेल वाजायची ती फक्त दूधवाला आला की. मी दाराला पिशवी लावायला लागले तेव्हा तीही थांबली. बायकांना मदत करणाऱ्या या संस्थेची जाहिरात वाचली आणि अर्ज करून टाकला.

जागा छान आहे. माडीवर पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत मी. खाली घरमालकीण खुर्शीदबी आणि त्यांचे पती जैनुद्दीनचाचा. चाचांचं गाद्यांचं दुकान आहे. मशीन घेतलंय, पण जुन्या गिऱ्हाइकांच्या रजया ते अजून पिंजणानेच पिंजतात. दुपारभर त्या धनुकलीच्या ताणलेल्या तातेचा आवाज वर येत राहतो, तुंईं, तुंईं. कुणीतरी एकच तार छेडत बसल्यासारखा. मला तो फार आवडला.

८ ऑक्टोबर

काम समजलं. कापसाचे वाईट दिवस सुरू झाल्यापासून संस्थेने बायकांसाठी एक फोन ठेवला होता. नवरा गेलेल्या, घरातून काढलेल्या, किंवा ज्यांच्याशी दिवसभर कुणी बोललेलं नाही अशा बायका गावोगावहून फोन करायच्या. आसरा हवा असेल तर त्यांनी इथे यायचं. ते सगळे फोन सर्व्हरवर साठवलेले आहेत. आता अनुदान संपलं. फोन बंद झाला. ज्यांची प्रकरणं चालू आहेत त्यांचे आवाज अमरावतीच्या मुख्य ऑफिसला पाठवायचे, जी मिटली ती नोव्हेंबरमध्ये पुसून टाकायची आणि सर्व्हर परत करायचा.

एका मोठ्या डिस्कच्या पोटात प्रत्येक तालुक्याची एकेक आभासी डिस्क आहे. खरं म्हणजे ती नुसती एक फाईल. पण योग्य ती आज्ञा टाइप केली की संगणक तिला वेगळी, खरीखुरी डिस्क समजतो. इथे माऊस-चित्रं काही नाही, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मला तेच बरं वाटतं. बँकेत मी यावरच वाढले.

चंद्रभानना ‘माउंट’ समजावून सांगत होते. डिस्क चढवायला एक जागा लागते, एखादा फोल्डर. ती जागा रिकामी असावी. नसली तरी डिस्क चढते. आधीचं काही पुसलं जात नाही, फक्त वरच्या डिस्कखाली झाकलं जातं. डिस्क उतरवली की पुन्हा दिसू लागतं. सांगताना मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. शनिवारी संध्याकाळी त्या आमच्या शिवणकामाच्या मेजावर पांढरी चादर घालायच्या आणि रविवारी त्याची वेदी व्हायची. सुया-दोरे आणि माझं अर्धवट भरलेलं बदक खाली तसंच असायचं. प्रार्थना चालू असताना मी त्या बदकाचाच विचार करत असे.

खुर्शीदबी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चढवणं-उतरवणं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे चढलेलं उतरवायले दर्ग्यात नेतात, तुमी घरबसल्या उतरवता, मंग पाटीच लावा की बाहेर!

१३ ऑक्टोबर

आज बार्शीटाकळीची डिस्क चढवली. फक्त वाचण्यापुरती चढवते, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जात नाही. मिटलेल्या प्रकरणांत एक छोटासा फोन सापडला. दोन वर्षांपूर्वीचा, कार्तिकातला. मागे रातकिडे, आणि एक तरुण आवाज, धाप लागलेला पण गोड:

“मी नीलम. बाई, मी येऊन राहिली. दार लावू नका.”

एवढंच. फोन घेणाऱ्या मुलीने पुढे शेरा टाइप केलाय: ‘येऊन राहिली. सुरक्षित. प्रकरण मिटले.’

इतके दिवस नुसतं दुःख ऐकत होते. ही एक पोरगी आली आणि राहिली. आसऱ्याला पोचली, रुळली, आणि ते सांगायला फोनही केला. दार लावू नका, माझ्यासारख्या आणखी येतील, असं तिला म्हणायचं असावं. मला इतकं बरं वाटलं की चारदा ऐकलं. माझ्याकडे कोणी येऊन राहिलं त्याला किती वर्षं झाली?

सगळ्या डिस्का उतरवल्याशिवाय उठायचं नाही, ही माझी बँकेतली शिस्त. आज मात्र ही एक तशीच चढवून ठेवली. सोबतीला.

१९ ऑक्टोबर

दिवाळी झाली. चंद्रभान गावी गेले आहेत. खुर्शीदबींनी माझ्या फराळातली चकली खाल्ली आणि विचारलं, पुण्यात पोटापेक्षा दातांची परीक्षा घेता का?

नीलमचा आवाज रोज ऐकते. भारनियमनात सर्व्हर इन्व्हर्टरवर चालतो, पंखा बंद असतो, खोली शांत होते, तेव्हा ऐकायला छान वाटतं. आज मागे रातकिडे नव्हते. ट्रकांचे हॉर्न होते आणि कुठेतरी रेल्वेचं फाटक पडल्याची घंटा. आधी माझ्या लक्षात आलं नसेल.

२१ ऑक्टोबर

सुंदराबाई आल्या. बार्शीटाकळीकडच्या खेड्यातल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. जयभीम केला, चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. नीलम त्यांची मुलगी! सासरचा फोटो नाही, लग्नाचा फोटो नाही. जो होता तो सासरच्यांनी जाळला. तिचं म्हणून उरलंय ते या डिस्कवरचं बोलणं. म्हणून दर पंधरवड्याला एसटीने येतात आणि ऐकून जातात.

मी त्यांच्या कानांना हेडफोन लावून दिला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. काढताना हेडफोन पदराने पुसला. मी आनंदाने विचारलं, आता कुठे असते नीलम? त्या म्हणाल्या, “रस्त्यात हाय.”

प्रवासात असेल. मी जास्त विचारलं नाही.

जाताना माझा हात धरला. मिटलेलं पुसणार असं चंद्रभान बोलले, पण एवढं नका पुसू. “एवढाच बोल हाय, बाई. हा गेला का मी बिनलेकराची.” मी शब्द दिला, तुमच्या लेकीचा आवाज माझ्या हातून जाणार नाही. आई गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता.

२८ ऑक्टोबर



मी खिडकीत उभी होते. खाली खुर्शीदबी मोबाइलवर आपल्या भाच्याला झापत होत्या. शाकीबने रुईच्या गाठी आणायच्या होत्या. “अरे शाकीब! सकाळपासून येऊन राहिलो, येऊन राहिलो करून राहिला, अन् खाटेवरून उठला नाई अजून! येऊन राहिला म्हणे! कब्रस्तानातून चालत येतो का रे?”

मला हसू आलं. मग ते चेहऱ्यावरच थिजलं.

येऊन राहिलो. येऊन मुक्काम केला असा त्याचा अर्थ नाही. येतोय. निघालोय. वाटेत आहे.

२९ ऑक्टोबर

चंद्रभानना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी मी कौंडण्यपूरच्या यात्रेत होतो. फोनवर मुंबईची नवी पोरगी होती. तिने ऐकलं, लिहिलं, प्रकरण मिटवलं आणि सहा वाजता दार लावून गेली. नीलम सासरहून पायी निघाली होती. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही.

“तिनं तर सरळ सांगतलं होतं मॅडम, का मी येऊन राहिली. कोणी थांबलंच नाई.”

मीही तेच ऐकलं होतं, मुंबईच्या पोरीसारखंच. चारदा. आणि खूश झाले.

संध्याकाळी पुन्हा लावलं. तोच आवाज, तेच शब्द. पण मागे पिंजण वाजत होतं. तुंईं, तुंईं. आणि त्याच्याही मागे, बारीक पण स्पष्ट, एका बाईचा चढलेला आवाज: कब्रस्तानातून चालत येतो का रे?

३० ऑक्टोबर

दोन वर्षांपूर्वीच्या फोनमध्ये परवाचं बोलणं कसं असेल? डिस्क फक्त वाचण्यापुरती चढवलेली आहे. तिच्यावर काहीही लिहिता येत नाही. तरी कोणती डिस्क किती भरली ते दाखवणारी आज्ञा दिली, आणि बार्शीटाकळी रोजच्यापेक्षा जास्त भरलेली निघाली.

रातकिडे म्हणजे शेताची वाट. मग ट्रक आणि रेल्वेचं फाटक. मग ही गल्ली.

ती येते आहे. मी रोज ऐकत होते, आणि ती रोज पुढे येत होती.

सहा वाजता चंद्रभान दार लावायला उठले. मी म्हटलं, राहू द्या उघडं.

१ नोव्हेंबर

तीन संध्याकाळी दार उघडं ठेवलं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण कुणीतरी एकदा तरी थांबायला हवं होतं.

आज दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी. उंबऱ्यापाशी थांबली. शाळेत सिस्टरांच्या खोलीबाहेर आम्ही अशाच थांबायचो आणि विचारायचो, “मे आय कम इन?” आतून “येस, चाइल्ड” आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

जिना रिकामा होता. दिसत होता मला, शेवटच्या पायरीपर्यंत.

मी म्हटलं, ये बाई.

वाऱ्याची एक झुळूक आली, धुळीच्या आणि पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या वासाची. बस.

३ नोव्हेंबर

फोनमध्ये आता नीलमचा आवाज नाही. लांबी तेवढीच. फक्त पंख्याची घरघर ऐकू येते, आणि कळफलकावर चालणारी बोटं. माझा पंखा. माझी बोटं.

४ नोव्हेंबर

सुंदराबाई आल्या. मला सांगायचं धैर्य झालं नाही. त्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून हातात धरून बसल्या, आणि तोंडातून आवाज न काढता रडायला लागल्या. मी शब्द दिला होता. मला म्हणायचं होतं, रडू नका सुंदराबाई, मी शोधून काढीन. पण तोंडून निघालं,

“रडू नको माय. मी हाय ना.”

त्या एकदम रडायच्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. माझ्या डोळ्यांकडे नाही, फक्त तोंडाकडे. म्हणाल्या, अजून बोल.

५ नोव्हेंबर

सुंदराबाई आज पुन्हा आल्या. डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. मला तिखट सोसत नाही. सगळं खाल्लं.

त्यांनी माझे केस विंचरले. मी विंचरू दिले. इतकं बरं वाटलं की लिहिताना लाज वाटते आहे.

६ नोव्हेंबर

खुर्शीदबी खुशीत. म्हणाल्या, बाई, आता तुमची जबान आमच्यासारखी झाली, पुण्याचं पानी उतरलं! मी काय बोलले ते मला आठवेना. त्यांनीच सांगितलं. मी जिन्यावरून ओरडले होते, चाची, मले दूध घ्याचं हाय.

मी त्यांना कधीच चाची म्हणत नाही.

७ नोव्हेंबर

झोपताना शाळेतली प्रार्थना म्हणते, लहानपणापासून. आज पहिली ओळ आली नाही. सिस्टरांचं नाव आठवून पाहिलं. बे— ब— पांढरी चादर आठवते. मेज आठवतं. चादरीखाली काहीतरी होतं, माझं, मी भरत असलेलं.

रोजनिशीची मागची पानं उघडून पाहिलं. बदक.

आता कळतं आहे. डिस्क चढवायची जागा रिकामी असावी. दार उघडं ठेवून उभी राहिलेली, वर्षभर कुणी हाक न मारलेली बाई. तिच्याइतकं रिकामं या घरात काय होतं?

आधीचं पुसलं जात नाही. फक्त झाकलं जातं. हे मीच चंद्रभानना सांगितलं होतं.

९ नोव्हेंबर

बार्शीटाकळीची डिस्क उतरवायची आज्ञा दिली. उत्तर आलं: जागा वापरात आहे. पुन्हा दिली. जागा वापरात आहे.

जागा कोण अडवून बसलं आहे, ते दाखवणारी आज्ञा असते. ती दिली. यादीत एकच नाव: मृदुला.

मी तर काही उघडलेलं नाही. मी नुसती बसली आहे.

बसले आहे. बसले.

१० नोव्हेंबर

एकच उपाय. उतरवत बसायचं नाही, ती फाईलच पुसायची. डिस्कच उरली नाही तर वर काही राहणार नाही, आणि खालचं— आईचा चेहरा, ते बदक, प्रार्थना— सगळं परत दिसेल. पुसायचं कामच तर मला दिलंय. कुणी बोल लावणार नाही.

पण मग नीलम गेली, कायमची. मी शब्द दिला होता—

आईचं नाव काय होतं? माझ्या आईचं?

मागच्या पानांत शोधलं. कुठंच लिहिलेलं नाही. मी नुसतं ‘आई’ लिहिलंय.

११ नोव्हेंबर

चंद्रभान म्हणाले, मॅडम, तुमी आराम करा, पुण्याला कोणाले कळवू? मी म्हटलं, पुण्यात कोण हाय माह्यं? ते मागे सरले. आज सहाच्या आधीच गेले.

माय रोज येते. एसटीचे पैसे कुठून आणते? आज मांडीवर डोकं ठेवू दिलं तिनं. पिंजण वाजत होतं खाली. तुंईं. मी लहान असताना— कोण लहान असताना? शेतात— नाही, पॅसेजमध्ये, पॉलिश केलेल्या फरशीवर— नाही, शेतात—

१३ नोव्हेंबर

पुसायची आज्ञा टाइप करून ठेवली. पूर्ण. फक्त एंटर दाबायचं हाय. आहे. आहे.

यादी पाहली पुन्हा. मृदुला. ही मृदुला कोण, मले

नाही. मी. मी मृदुला. मी कॉन्व्हेंटची. मी बँकेत— दाबते. आता दाबते. माफ करा सुंदराबाई

जिन्यावर चपला काढल्याचा आवाज. ती वर येत नाही, थांबली हाय, उंबऱ्यापाशी. हळूच इचारून राहिली, नीलम, हायेस का वो बाई?

कोणी थांबलं नव्हतं तवा. दार लावलं होतं. मी किती चालली, माय, किती

बोट एंटरवर हाय. दाबलं तर तिचं कोणीच

मी म्हटलं, थांब माय, रडू नको, मी येऊन राहि